रॅम वाढवली आणि डिस्क अडकली : जास्त मेमरीच्या कॉम्प्युटरमध्ये स्टोरेज ड्रायव्हर ‘हँग’ का होतो?

कॉम्प्युटर हळू चालतोय? रॅम वाढवा. दुकानदारापासून ऑफिसातल्या आयटीवाल्यापर्यंत सगळे हाच सल्ला देतात आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण कधीकधी उलटंच घडतं. २ जीबी रॅमवर वर्षभर नीट चाललेलं मशीन ४ जीबी केल्यावर मधेच गोठतं. किंवा भरपूर रॅमचं महागडं वर्कस्टेशन मोठी फाईल कॉपी करताना अडकून बसतं. माऊस हलतो, पण कुठलीही फाईल उघडत नाही. स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये डिस्कच्या नावाने तक्रार दिसते.

मग डिस्क बदलली जाते, केबल बदलली जाते, नवी रॅमही परत केली जाते. प्रत्येक भाग वेगळा तपासला तर ठणठणीत निघतो आणि दोष मात्र तसाच राहतो. अशा वेळी गुन्हेगार बरेचदा या तिघांपैकी कुणीच नसतो. डिस्क आणि रॅम यांच्यामधल्या चिपला मेमरीचा पत्ता पूर्ण वाचता येत नाही, हे खरं कारण असतं.

हा दोष कसा तयार होतो, तो शोधायचा कसा आणि लिनक्सच्या जगात अशी दोन प्रकरणं कशी उलगडली, ते पाहूया.

डिस्कवरचा डेटा रॅममध्ये येतो कसा?

फाईल उघडली की प्रोसेसर स्वतः डिस्कवरून एकेक बाइट उचलून आणतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. डिस्क ज्या चिपला जोडलेली असते तिला स्टोरेज कंट्रोलर म्हणतात. हा कंट्रोलर मदरबोर्डवर असतो किंवा वेगळ्या कार्डावर. त्याला आज्ञा देणारा सॉफ्टवेअरचा भाग म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर कंट्रोलरला एक चिठ्ठी देतो : ‘डिस्कवरचा अमुक भाग वाच आणि रॅममधल्या तमुक पत्त्यावर नेऊन ठेव.’ पुढचं काम कंट्रोलर स्वतः करतो. प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅममध्ये लिहितो आणि काम झालं की प्रोसेसरला इशारा देतो. या पद्धतीला डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, म्हणजेच डीएमए, म्हणतात.

सगळी गंमत त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यात आहे. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. तो लिहायला किती जागा आहे, यावर किती रॅमपर्यंत पोहोचता येईल ते ठरतं. २४ बिटांचा पत्ता असेल तर १६ एमबीपर्यंत, ३२ बिटांचा असेल तर ४ जीबीपर्यंत आणि ४३ बिटांचा असेल तर ८ टीबीपर्यंत.

१२०४ चं पार्सल २०४ मध्ये

एक मोठी सोसायटी आहे असं समजा. पूर्वी तिथे फक्त नऊ मजले होते आणि सगळे फ्लॅट क्रमांक तीन आकडी होते : १०१, २०४, ९०३. कुरिअरवाल्याच्या फॉर्मवरही फ्लॅट क्रमांकासाठी तीनच चौकटी होत्या. सगळं सुरळीत होतं. मग शेजारी बारा मजली टॉवर उभा राहिला. आता १२०४ क्रमांकाच्या फ्लॅटचं पार्सल आलं, तर फॉर्मवर मावणार काय? शेवटचे तीन आकडे, म्हणजे २०४.

कुरिअरवाला पार्सल २०४ मध्ये देतो आणि ‘पोचलं’ असं लिहून निघून जातो. १२०४ मधले लोक वाट पाहत बसतात. २०४ मध्ये भलतीच वस्तू येऊन पडते.

कंट्रोलरच्या बाबतीत हेच होतं. पत्त्याचे वरचे आकडे गळाले की डेटा भलत्याच जागी जातो. मग तीन गोष्टी घडू शकतात. त्या चुकीच्या जागी दुसऱ्याच प्रोग्रॅमचा डेटा असेल तर तो गुपचूप खराब होतो. तिथे कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, डेटा असेल तर मशीन कोसळतं. आणि त्या जागेवर जायला परवानगीच नसेल तर कंट्रोलर अडकून बसतो, काम झाल्याचा इशारा कधीच येत नाही. तो हँग.

तिन्हींपैकी हँग सगळ्यात त्रासदायक वाटतो, पण खरा धोका पहिल्या प्रकारात आहे. अडकलेलं मशीन निदान काहीतरी बिघडलंय हे सांगतं. गुपचूप खराब झालेली फाईल कित्येक महिन्यांनी उघडल्यावर कळते. तोपर्यंत तीच खराब प्रत बॅकअपमध्येही गेलेली असते.

ही मर्यादा प्रत्येक पिढीत का परत येते?

१९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे कमाल मेमरी १६ एमबी. त्या काळी ती प्रचंड होती. पुढे रॅम १६ एमबीच्या वर गेली, पण जुन्या प्रकारची कार्डं तेवढ्यापर्यंतच पोहोचत राहिली. लिनक्समध्ये रॅमचे पहिले १६ एमबी अशा उपकरणांसाठी वेगळे ठेवण्याची सोय आहे, ती यामुळेच.

नंतर ३२ बिटांचा जमाना आला आणि भिंत ४ जीबीवर सरकली. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरने ३६ बिटांची सोय आणली, म्हणजे ६४ जीबी. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला आणि ६४ बिटी पीसीचा मार्ग खुला झाला. प्रोसेसर पुढे गेले, पण त्यांच्याभोवतीची अनेक उपकरणं ३२ बिटांवरच राहिली.

यावर दोन उपाय निघाले.

पहिला उपाय सोसायटीच्या भाषेत सांगायचा तर वॉचमनच्या केबिनचा. कुरिअरवाल्याला वरच्या मजल्याचा पत्ता लिहिता येत नसेल तर त्याने पार्सल गेटवरच्या केबिनमध्ये ठेवावं, तिथून सोसायटीचा माणूस ते १२०४ मध्ये पोहोचवेल. कॉम्प्युटरमध्ये याला बाऊन्स बफर म्हणतात. ४ जीबीच्या आत थोडी जागा राखून ठेवली जाते, कंट्रोलर तिथे डेटा टाकतो आणि प्रोसेसर तो योग्य जागी कॉपी करतो. कॉपीचं काम वाढल्याने वेग कमी होतो. शिवाय केबिन लहान असते. लिनक्समध्ये ही जागा साधारणपणे ६४ एमबी असते. ती भरली की नवीन काम अडतं आणि ड्रायव्हरने हा अडथळा नीट हाताळला नाही तर तेही हँगचं कारण ठरतं.

दुसरा उपाय म्हणजे आयओएमएमयू. हा गेटवरचा हुशार वॉचमन. तो प्रत्येक कुरिअरवाल्याला सोयीचा, छोटा, तात्पुरता पत्ता देतो आणि आतल्या खऱ्या पत्त्याशी त्याची जोडी स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. वहीत नसलेला पत्ता घेऊन कुणी आलं तर त्याला गेटवरच अडवतो आणि नोंद करतो. ही नोंद तपासात किती मोलाची ठरते, ते पुढे दिसेल.

चिप सांगते ‘मला जमतं’, पण जमत नसेल तर?

दोन्ही उपाय एकाच गृहीतावर उभे आहेत : कंट्रोलर स्वतःची मर्यादा खरी सांगतो.

साटा डिस्कसाठीच्या एएचसीआय या मानकात कंट्रोलरच्या माहितीपत्रकासारखी एक नोंद असते. त्यातला एक बिट फक्त एवढंच सांगतो की ६४ बिटांचे पत्ते चालतात की नाही. ड्रायव्हर तो बिट वाचतो. उत्तर ‘हो’ आलं की मोठे पत्ते द्यायला सुरुवात करतो. उत्तर ‘नाही’ आलं की ३२ बिटांच्या आत राहतो.

मधलं उत्तर देण्याची सोयच नाही. ‘३२ च्या पुढे जमतं, पण ४३ पर्यंतच’ असं चिपला सांगताच येत नाही. आणि तिने चुकीचं ‘हो’ सांगितलं तर ड्रायव्हरला ते कळायला मार्ग नसतो.

पहिलं प्रकरण : एसबी६०० आणि ४ जीबी

एएमडीच्या प्रोसेसरसाठी बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर एसबी६०० नावाची चिप होती. तिचा साटा कंट्रोलर ६४ बिटांचे पत्ते चालतात असं सांगत असे. काही बोर्डांवर ते खरं होतं, काहींवर नाही.

२ जीबी रॅम असलेल्यांना काहीच त्रास झाला नाही. ४ जीबी लावणाऱ्यांना झाला. इथे एक प्रश्न पडतो. ३२ बिटांत ४ जीबी बसतात, मग ४ जीबीवर अडचण का यावी? कारण ४ जीबीच्या खालचा थोडा पत्ता-विभाग ग्राफिक्स कार्ड वगैरे उपकरणांसाठी राखीव असतो. तिथली रॅम वाया जाऊ नये म्हणून तिला ४ जीबीच्या वरचे पत्ते दिले जातात. म्हणजे रॅम ४ जीबीच असली तरी तिचा काही भाग सीमेपलीकडे राहतो. त्या भागात डेटा टाकायची वेळ आली की कंट्रोलर गडबडायचा. म्हणूनच दोष कधी दिसायचा, कधी नाही.

असूसच्या एम२ए-व्हीएम या बोर्डाचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या बायोसची ०९०१ ही आवृत्ती असताना ६४ बिटी डीएमए बिघडत असे. २६ ऑक्टोबर २००७ च्या १५०१ आवृत्तीवर तो नीट चालत असे. तोच बोर्ड, तीच चिप, तीच डिस्क. फरक फक्त बायोसचा.

लिनक्सने यावर सावध धोरण घेतलं. एसबी६०० काहीही सांगो, तिला आधी ३२ बिटांतच ठेवायचं. ज्या मोजक्या बोर्डांवर खात्री पटली आहे, त्यांची नावं ड्रायव्हरमधल्या यादीत टाकायची आणि फक्त त्यांनाच ६४ बिटांची परवानगी द्यायची. असूसच्या त्या बोर्डासाठी तर बायोसची तारीखही तपासली जाते.

दुसरं प्रकरण : एएसएम१०६१ आणि गळालेले २१ बिट

हे प्रकरण २०२४ च्या सुरुवातीचं. एएसमीडिया कंपनीची एएसएम१०६१ ही दोन साटा पोर्ट देणारी चिप. ती अनेक मदरबोर्डांवर आणि स्वस्त साटा कार्डांवर वर्षानुवर्षं वापरात आहे. असूसच्या एका मोठ्या वर्कस्टेशन बोर्डावर याच चिपचा कंट्रोलर हँग झाला.

लॉगमध्ये हँगच्या अगदी आधी दोन संदेश होते. पहिला साधा होता : आता ६४ बिटी डीएमए पत्ते वापरत आहोत. दुसरा आयओएमएमयूचा, म्हणजे वॉचमनचा : या उपकरणाने वहीत नसलेल्या पत्त्यावर जायचा प्रयत्न केला.

पहिला संदेश का आला, ते समजून घ्यायला हवं. लिनक्स उपकरणांना तात्पुरते पत्ते देताना आधी ३२ बिटांतले पत्ते वापरून संपवतो. मोठे पत्ते देणं टाळण्याचं कारण कोडमध्येच लिहून ठेवलं आहे : बाजारात अजूनही इतक्या सदोष चिप आणि फर्मवेअर आहेत की गरज पडेपर्यंत ६४ बिटांत न शिरणंच बरं. हा संदेश दिसल्यावर एखादं उपकरण बिघडलं, तर संशय कुठे घ्यायचा हेही तिथे सांगितलं आहे.

३२ बिटांतले पत्ते संपले की लिनक्स मोठ्या पत्त्यांकडे वळतो आणि ते वरच्या टोकापासून द्यायला लागतो. म्हणजे एकदम सगळ्यात मोठे आकडे. एएसएम१०६१ ला असा पत्ता मिळाला आणि ती अडकली.

आता प्रश्न होता, चूक नेमकी कुणाची? ड्रायव्हरची, चिपची, मदरबोर्डची की आयओएमएमयूची? तपास करणाऱ्या डेव्हलपरने तीन साधे प्रयोग केले.

पहिला प्रयोग : एएसएम१०६१ असलेलं वेगळं कार्ड घेतलं आणि त्याला मुद्दाम एक मोठा पत्ता दिला, ज्याचे वरचे ३२ बिट सगळे १ होते आणि खालचे ३२ सगळे ०. आयओएमएमयूच्या नोंदीत आलेला पत्ता पाहिला. त्यात वरचे २१ बिट ० झालेले होते. बाकीचे जसेच्या तसे.

दुसरा प्रयोग : त्याच स्लॉटमध्ये वेगळ्याच प्रकारचं उपकरण लावलं आणि तोच पत्ता दिला. आता नोंदीत वरचे सगळे बिट १ दिसले. म्हणजे मदरबोर्ड, स्लॉट आणि आयओएमएमयू निर्दोष.

तिसरा प्रयोग सगळ्यात सुंदर होता. ड्रायव्हरमध्ये तात्पुरता बदल करून एएसएम१०६१ ला जाणाऱ्या प्रत्येक पत्त्याचे वरचे २१ बिट जबरदस्तीने १ केले. म्हणजे प्रत्येक पत्ता मुद्दाम चुकीचा लिहिला. नीट चालणाऱ्या कंट्रोलरने यावर लगेच गोंधळ घालायला हवा होता. पण डिस्क फॉरमॅट झाली, जोडली गेली, तिच्यावरचा डेटा तपासूनही झाला. काहीच फरक पडला नाही. कारण ती चिप वरचे २१ बिट वाचतच नव्हती.

६४ मधून २१ गेले, उरले ४३. म्हणजे या चिपची खरी मर्यादा ८ टीबी.

दुरुस्ती छोटीशी होती. लिनक्सच्या ड्रायव्हरला सांगितलं गेलं की ही चिप दिसली तर तिला ४३ बिटांपेक्षा मोठा पत्ता द्यायचा नाही. पुढे एएसमीडियानेही मान्य केलं की ड्रायव्हरच्या यादीत असलेल्या एएसएम१०६ मालिकेतल्या सगळ्याच चिपना ही मर्यादा आहे. मग तीच दुरुस्ती त्या सगळ्यांना लागू झाली.

इतकी वर्षं हा दोष कुणाच्या लक्षात कसा आला नाही? कारण सामान्य मशीनमध्ये ८ टीबीच्या पलीकडचा पत्ता येतच नव्हता. पत्ता तिथपर्यंत जायला ८ टीबी रॅम असावी लागते किंवा आयओएमएमयूने तसा मोठा तात्पुरता पत्ता द्यावा लागतो. दोष पहिल्या दिवसापासून होता, प्रसंग नंतर आला.

आणि वॉचमन होता म्हणून बरं झालं. त्याने चुकीचा पत्ता गेटवरच अडवला. म्हणून नुसता हँग झाला, भलत्याच जागी लिहिलं गेलं नाही.

हँग झाल्यावर तपास कसा करायचा?

असे दोष शोधण्याचा क्रम साधारण पुढीलप्रमाणे असतो. इथे लिनक्सचं उदाहरण घेतलं आहे, पण विचार सगळीकडे सारखाच.

१. खरंच हँग आहे की नुसतं हळू आहे, हे आधी ठरवावं. जास्त रॅमच्या मशीनवर एक फसवा हँग नेहमी दिसतो. फाईल ‘सेव्ह’ केली की ती लगेच डिस्कवर जात नाही, आधी रॅममध्ये साठते. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगनुसार उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा डेटा साठू शकतो. समजा २५६ जीबी मेमरी उपलब्ध आहे. त्याचे २० टक्के म्हणजे सुमारे ५१ जीबी. डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिणारी असेल तर तो साठा उतरायला साडेआठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळं अडकल्यासारखं वाटतं. पण बिघडलेलं काहीच नसतं. मेमरीच्या माहितीत ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ असे दोन आकडे दिसतात. ते हळूहळू उतरत असतील तर काम चालू आहे. मिनिटभर जागचे हलत नसतील तर खरा हँग. फसव्या हँगवर उपाय सोपा आहे : टक्क्यांऐवजी ठरावीक एमबीची मर्यादा घालायची.

२. लॉग जपावा. डिस्कला दिलेली आज्ञा साधारण ३० सेकंदांत पूर्ण झाली नाही तर ड्रायव्हर तक्रार नोंदवतो आणि कंट्रोलर रीसेट करून पाहतो. एखादी प्रोसेस १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकली तर कर्नलही नोंद करतो. अशी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत दिसते आणि बहुतेक वेळा जबरदस्तीने बंद करूनही बंद होत नाही, कारण ती कंट्रोलरच्या इशाऱ्याची वाट पाहत असते. अडचण एवढीच की डिस्कच अडकली असेल तर डिस्कवरचा लॉगही लिहिला जात नाही. म्हणून लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आधीच करून ठेवावी. रीस्टार्ट करायची घाई झाली की पुरावा जातो.

३. पहिला संदेश वाचावा, शेवटचा नव्हे. हँगनंतर डिस्कच्या नावाने शेकडो ओळी येतात. त्या सगळ्या परिणाम असतात. कारण त्याआधीच्या एखाद-दोन ओळींत असतं. एएसएम१०६१ च्या प्रकरणात तेच झालं.

४. केबल आणि डिस्क सुटी करावी. डिस्कच्या स्मार्ट माहितीत सीआरसी त्रुटींचा आकडा असतो. तो वाढत असेल तर संशय केबलवर. तो स्थिर असेल आणि तीच डिस्क दुसऱ्या पोर्टवर किंवा दुसऱ्या मशीनवर नीट चालत असेल, तर डिस्क निर्दोष.

५. रॅम न काढता रॅम कमी करून पाहावी. कर्नलच्या ‘मेम’ पर्यायात ४ जीबी लिहून मशीन सुरू केलं की त्यावरचे पत्ते वापरले जात नाहीत. हँग गायब झाला आणि पर्याय काढल्यावर परत आला, तर संशय थेट पत्त्यांच्या मर्यादेवर जातो. एसबी६०० सारख्या प्रकरणात ही चाचणी निर्णायक ठरते. मात्र आयओएमएमयू चालू असेल तर उपकरणाला मिळणारे पत्ते रॅमच्या आकारावर अवलंबून नसतात. तिथे त्याची नोंदच पाहावी लागते.

६. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बायोस, कर्नल आणि केबल एकाच दिवशी बदलली आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. आणि कळलं नाही तर तो परत येऊ शकतो.

रॅमची चाचणी पास झाली, म्हणजे सगळं ठीक?

इथे पुष्कळ लोक फसतात. रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, एकही चूक सापडली नाही, म्हणून मेमरीचा प्रश्न नाही असं ठरवलं जातं. पण हा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या बाजूने रॅम तपासतो. प्रोसेसरला सगळे पत्ते नीट वाचता येतात. कंट्रोलरला ते वाचता येतात की नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि या चाचणीत ती तपासलीच जात नाही. घरातल्या माणसाला १२०४ सापडतो म्हणून कुरिअरवाल्यालाही सापडेल असं नाही.

डिस्कच्या चाचणीचंही तसंच. डिस्क चांगली, रॅम चांगली, तरी दोघांच्या मधला रस्ता बिघडलेला असू शकतो.

सामान्य वापरकर्त्याने काय करावं?

घरी दोन-चार डिस्क लावून फोटो आणि व्हिडिओ साठवणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ, छोट्या ऑफिसांतले सर्व्हर : स्वस्त साटा कार्ड आणि भरपूर रॅम ही जोडी अशा ठिकाणी हमखास सापडते. त्यांच्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

रॅम वाढवल्यानंतर किंवा नवं कार्ड लावल्यानंतरच हँग सुरू झाला असेल, तर तो योगायोग समजू नये. आधी बॅकअप घ्यावा आणि तो मूळ प्रतीशी ताडून पाहावा. बॅकअप घेतानाच मशीन अडकत असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून घ्यावा. मग बायोस आणि कर्नल अद्ययावत करावा. वर सांगितलेल्या दोन्ही दोषांवरचे उपाय लिनक्समध्ये आधीच आहेत, फक्त जुन्या आवृत्तीवर राहिलेल्यांना ते मिळत नाहीत.

काही जण सल्ला देतात की आयओएमएमयू बंद करा, हँग जाईल. काही वेळा जातोही. पण वॉचमनला घरी पाठवल्याने चुकीचा पत्ता बरोबर होत नाही, तो अडवणारं कुणी उरत नाही एवढंच. तपासापुरतं थोडा वेळ बंद करून पाहणं वेगळं. महत्त्वाचा डेटा असलेलं मशीन तसंच चालवणं म्हणजे हँगच्या बदल्यात गुपचूप खराब होणाऱ्या फाईली पत्करणं.

थोडक्यात

जास्त रॅममुळे डिस्क बिघडत नाही. जास्त रॅममुळे मोठे पत्ते वापरात येतात आणि मोठा पत्ता आला की चिपचं खरं रूप उघड होतं. १६ एमबी, ४ जीबी, ८ टीबी, आकडे बदलत गेले, पण चूक तीच राहिली : चिपने सांगितलं ते न तपासता मान्य करणं. म्हणून लॉगमध्ये डिस्कचं नाव दिसलं तरी लगेच नवी डिस्क घ्यायला निघू नये. हँगच्या आधीची ओळ काय सांगते, ते एकदा वाचून पाहावं.